रेडिएटर फॅनला हाताने लावायचा स्विच: कसा बसवायचा आणि कुठे फसायला होतं

उन्हाळ्यात कसारा घाट चढताना कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे अनेकांचा घाट टळला. पण घाट टळला तरी नाशिकच्या द्वारका चौकातली कोंडी टळत नाही, आणि श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये रांगणं तर नाहीच नाही. अशा वेळी टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला आणि पंखा मात्र ढिम्म, अशी पाळी आली की वाटतं, हा पंखा आपल्या हाताने लावता आला असता तर!

तो लावता येतो. त्यासाठी डॅशबोर्डवर एक स्विच आणि बोनेटखाली एक रिले (आतल्या कॉइलला थोडासा करंट मिळाला की पंख्याचा मोठा करंट जोडून देणारी डबी) लागतो. सामान हजार रुपयांच्या आत येतं आणि हाताला सवय असेल तर काम एका दुपारचं आहे. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत मी हे केलं आहे, नंतर ओळखीच्या दोघा-तिघांच्या गाड्यांतही. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने देतो आहे.

आधी एक खुलासा. गॅरेजमध्ये ही तक्रार घेऊन गेलात की बऱ्याचदा उत्तर मिळतं, "फॅन डायरेक्ट करून देतो." म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू, गाडी बंद होईपर्यंत चालूच. हे करू नका. थर्मोस्टॅट (कूलंट गरम होईपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) शाबूत असेल तर इंजिन फार थंड राहील अशी भीती नाही, पण पंख्याच्या मोटारीचे कार्बन ब्रश विनाकारण झिजतात, अल्टरनेटरवर कायमचा बोजा येतो, आणि मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच. आपल्याला हवं आहे ते असं: गाडीची आपोआप पंखा लावायची सोय जशीच्या तशी राहील, आणि तिच्या जोडीला आपला स्विच असेल. दोघांपैकी कुणीही सांगितलं तरी पंखा फिरला पाहिजे, आणि आपला स्विच बंद असला म्हणून पंखा थांबता कामा नये. पुढचं सगळं या एका अटीवर बेतलं आहे.

१. गाडी का तापते ते आधी शोधा

ही पायरी गाळून थेट स्विच बसवणारे बरेच असतात. पंखा हे तापण्याच्या पाच-सहा कारणांपैकी फक्त एक कारण आहे.

गाडी कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या पुढे गेलं की काटा खाली येतो, असं असेल तर संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरची हवाच रेडिएटर थंड करते, तेव्हा पंख्याची गरज जवळजवळ नसते. उलट हायवेवर पळतानाही काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंप गेला असेल किंवा हेड गॅस्केट उडायच्या बेतात असेल. तिथे स्विच काही कामाचा नाही.

गाडी पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. रेडिएटरचं झाकणही बघा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. सिस्टीममध्ये तेवढा दाब धरून ठेवणं हे झाकणाचं काम, आणि त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, फाटलं की दाब सुटतो आणि गाडी लवकर उकळते. हे झाकण फार महाग नसतं. ते बदलून प्रश्न सुटला तर बाकीचा लेख वाचायचीही गरज नाही.

एक नाशिककडची गोष्ट. पिंपळगाव, लासलगावच्या बाजूला रोज ये-जा असेल तर बंपरच्या आत वाकून टॉर्चने कंडेन्सरची (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची) जाळी बघा. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत फोलपटं, किडे आणि धूळ यांचा असा थर बसतो की पलीकडचा उजेड दिसत नाही. पाण्याच्या हलक्या धारेने, शक्यतो इंजिनच्या बाजूकडून बाहेर, धुऊन घ्या. जोराच्या प्रेशरने धुतलं तर जाळीची पाती आडवी होतात आणि हवा आणखी अडते.

जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट काढून टाकलेला असण्याचीही शक्यता असते. "गाडी थंड राहते" म्हणून मागच्या मालकाने तो काढलेला असतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत अशी गाडी धड गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. तो परत बसवून घ्या.

२. पंखा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पुढे जायचं की इथेच थांबायचं ते या पायरीवर ठरतं.

पंख्याच्या मोटारीतून निघणाऱ्या वायरी मोजा. दोनच जाड वायरी असतील तर साधी एका वेगाची मोटार. याच गाड्यांसाठी हा लेख आहे. तीन जाड वायरी असतील तर बहुधा दोन वेगांचा पंखा. त्यालाही स्विच बसतो, पण कुठल्या वायरीला काय द्यायचं हे गाडीचा वायरिंग डायग्रॅम पाहिल्याशिवाय ठरवू नका. दोन जाड वायरींसोबत एक-दोन बारीक वायरी असतील, किंवा पंख्याच्या सांगाड्यावर पंख असलेली अॅल्युमिनियमची डबी असेल, तर पंख्याचा वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ठरवतं. तिथे हात लावू नका. बाहेरून १२ व्होल्ट दिले तर मॉड्यूल जळू शकतं आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटेल.

आता त्या साध्या पंख्याला हुकूम कोण देतं? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रेडिएटरला किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ एक थर्मोस्विच असतो. मेस्त्री त्याला नुसतं 'फॅन स्विच' म्हणतात. कूलंट ठरावीक तापमानाला पोचलं की तो आतून जोडला जातो. एमपीएफआय (इंजेक्शनच्या) आणि त्यानंतरच्या गाड्यांत कूलंटचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमान कळवतो, आणि ईसीएम फॅनच्या रिलेच्या कॉइलला अर्थ (मायनसची जोड) देऊन पंखा लावतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि पंखा त्यानंतर, बहुतेक गाड्यांत ९० च्या पुढे, लागतो. त्यामुळे थंड गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटांत पंखा लागला नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

दोष मोटारीत आहे की हुकमात, हेही आत्ताच तपासा. पंख्याचा प्लग काढून मोटारीला बॅटरीवरून थेट, फ्यूज लावलेल्या वायरीने, १२ व्होल्ट द्या. जोरात फिरला तर मोटार ठीक. घरघरला, हळू फिरला किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू झाला तर ब्रश किंवा बेअरिंग संपलं आहे. आधी मोटार बदला. मेलेल्या मोटारीला स्विच लावून ती जिवंत होत नाही.

३. सामान जमवा

रिले: १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअर, चार पायांचा, सोबत वायरींसकट होल्डर. कॉइलला आतून रेझिस्टर किंवा डायोड असलेला मिळाला तर उत्तम. डायोडवाला घेतलात तर ८५ आणि ८६ या आकड्यांच्या (कॉइलच्या) पायांची अदलाबदल करून चालत नाही, हे लक्षात ठेवा.

फ्यूज होल्डर: झाकणाचा, पाणी न शिरणारा, ब्लेड फ्यूजचा. फ्यूज किती अँपिअरचा? गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर रेडिएटर फॅनसमोर जो आकडा आहे तोच, त्याहून मोठा नाही. २० चा पिवळा असतो, ३० चा हिरवा.

वायर: जाड भागासाठी ४ स्क्वेअर एमएमची ऑटो केबल, स्विचच्या भागासाठी ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएम. घरच्या वायरिंगमधली उरलेली वायर वापरू नका. साधं पीव्हीसी ७० अंशांपुरतं असतं आणि बोनेटखाली त्याहून जास्त तापतं.

स्विच: आतून दिवा असलेला रॉकर स्विच. दिवा हवाच, नाहीतर पंखा चालू ठेवल्याचं विसरायला होतं.

याशिवाय फ्यूज टॅप (फ्यूज बॉक्समधल्या फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यातून जादा वायर निघते) आणि ५ अँपिअरचा एक फ्यूज, तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, कॉरुगेटेड पाइप, केबल टाय. हत्यारांत मल्टीमीटर, चांगला क्रिम्पर (लग वायरीवर दाबायची पक्कड) आणि १० चा पाना. लग आणि क्रिम्परसाठी गाडीच्या स्पेअरच्या दुकानापेक्षा सातपूर-अंबडच्या बाजूला पॅनेलचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. एमआयडीसीतले पॅनेलवाले जे वापरतात ते टिकतं.

मल्टीमीटरबद्दल एक सूचना. पंखा किती करंट ओढतो ते मोजायला मीटर वायरीच्या मधोमध जोडू नका. लहान गाडीचा एक पंखा साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दोन-तीनपट. १० अँपिअरच्या मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल. क्लॅम्प मीटर असेल तर तो डीसी मोजतो का ते बघा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात.

४. दोन पद्धती, आणि मी दुसरी का निवडतो

पहिली पद्धत सोपी. मूळ रिलेच्या कॉइलच्या ज्या पायाला थर्मोस्विच किंवा ईसीएम अर्थ देतं, त्याच पायाला एक बारीक वायर जोडून ती डॅशबोर्डवरच्या स्विचमधून अर्थ करायची. एकच बारीक वायर, नवा रिलेही नको. थर्मोस्विचच्या जुन्या गाडीत, जिथे स्विच रिलेला अर्थ देतो, तिथे ही पद्धत चांगली चालते. पण काही ईसीएमना आपली आउटपुट वायर बाहेरून अर्थ झालेली समजते आणि ते चेक इंजिनचा दिवा लावतात. शिवाय मूळ रिले किंवा मूळ फ्यूजच गेला असेल तर तुमचा स्विच दाबून काहीच होत नाही, आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा तो हवा असतो.

दुसरी पद्धत म्हणजे स्वतःचा रिले, स्वतःचा फ्यूज, बॅटरीपासून पंख्यापर्यंत स्वतःची वाट. पंख्याच्या प्लस वायरीला ही वाट बाजूने येऊन मिळते. मूळ रिले चालू नसताना त्याचा पंख्याकडे जाणारा ८७ चा पाय आतून सुटलेला असतो, त्यामुळे आपला करंट उलटा जाऊन तिथेच थांबतो. ईसीएमला यातलं काही कळत नाही. पुढच्या पायऱ्या याच पद्धतीच्या आहेत.

तिसरा एक सल्ला मिळतो, तो ऐकू नका: पाच पायांचा रिले घेऊन मूळ वायर कापायची, ती ८७ए मधून फिरवायची. दिसायला नीटस आहे, पण मग गाडीची आपोआप सोयही आपल्या रिलेच्या ८७ए या बारक्या कॉन्टॅक्टवर अवलंबून राहते. तो जळला की दोन्ही गेलं.

आणि पंख्याचा सगळा करंट थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेणं? स्विचवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी नाही. सुरुवातीच्या झटक्याने त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात, प्लास्टिक वितळतं, आणि जाड प्लसची वायर तुमच्या गुडघ्यापाशी येते. रिलेची कॉइल जेमतेम ०.२ अँपिअर घेते. तेवढंच केबिनमध्ये येऊ द्या.

एक तपासणी राहिली. काही गाड्यांत रिले प्लसवर नसून मायनसवर असतो, म्हणजे पंख्याला प्लस कायम मिळतं आणि रिले अर्थ तोडतो-जोडतो. चावी चालू, पंखा बंद असताना पंख्याच्या दोन्ही वायरींवर प्लगच्या मागून मीटर लावा. एकीवरही १२ व्होल्ट नसतील तर तुमची गाडी साधी, पुढे चला. दोन्हींवर १२ दिसले तर ती मायनसवाली. तिथे हा लेख बंद करा आणि वायरमनकडे जा, कारण इथली जोडणी तिला लागू नाही.

५. रिले आणि जाड वायर बसवा

बॅटरीचा मायनस काढा. आधी मायनस, मग बाकीचं. काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही पंखा अचानक लागू शकतो आणि पात्यांजवळ तुमची बोटं असतात. गळ्यात उपरणं, ओढणी, सैल बाही असलं काही नको. इंजिन थंड होऊ द्या, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

रिलेची जागा बॅटरीजवळ, एक्झॉस्टपासून लांब, पाय खाली करून. पाय वर ठेवलेत तर पावसाळ्यात होल्डरमध्ये पाणी साचतं. गाडीच्या बॉडीला आधीपासून असलेल्या एखाद्या बोल्टवर तो घट्ट बसवा.

रिलेवर आकडे छापलेले असतात. जोडणी अशी:

३० वर बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड वायर. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायरीच्या संरक्षणासाठी असतो, तो रिलेजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडी राहिली. आत्ता फ्यूज होल्डरमध्ये घालू नका.

८७ वरून पंख्याच्या प्लसकडे जाणारी जाड वायर.

८५ वरून अर्थ, बॉडीच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही.

८६ वर स्विचकडून येणारी बारीक वायर.

पंख्याच्या वायरीशी सांधा पंख्याच्या प्लगजवळच द्या, लांब मागे नाही. तिथे मूळ वायरीचं सोलणं कमीत कमी ठेवा. मी वायर कापतो, दोन टोकं आणि आपली वायर असं तिन्ही एका मोठ्या तांब्याच्या बट कनेक्टरमध्ये (वायरी जोडायच्या नळीत) क्रिम्प करतो आणि वर गोंदाची स्लीव्ह चढवून गरम करतो. स्लीव्हच्या दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की समजायचं, पाणी जाणार नाही. क्रिम्प केल्यावर प्रत्येक वायर जोरात ओढून बघा. सुटली तर आत्ताच सुटू द्या, घाटात नको. वायरीवर चावून बसणारे प्लास्टिकचे निळे-लाल झटपट कनेक्टर इथे अजिबात नको, पंख्याच्या करंटला ते तापतात. पीळ घालून काळी टेप गुंडाळणंही तसंच. मे महिन्यात त्या टेपचा गोंद वितळून ती उलगडते आणि लोंबत राहते.

वाट आखताना वायर पंख्याच्या पात्यांपासून, रेडिएटरच्या पायपांपासून, बेल्टपासून लांब ठेवा. कॉरुगेटेड पाइपमध्ये घाला आणि थोड्या थोड्या अंतरावर टाय मारा. सीएनजीची गाडी असेल तर गॅसच्या पाइपला टाय मारून वायर नेऊ नका.

६. स्विचची वायर आत न्या

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून मूळ वायरिंगचा झुपका एका मोठ्या रबरी ग्रोमेटमधून आत येतो. पेडलच्या वर, डोकं खाली घालून, टॉर्च दाताखाली धरूनच तो दिसतो. ग्रोमेटला बहुतेक वेळा एखादी न वापरलेली बोंडशी असते, तिचं टोक कापा आणि त्यातून कडक तार आत सरकवा. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल यासाठी झकास. तारेला वायर टेपने बांधून ओढून घ्या. पत्र्याला नवीन भोक पाडायची वेळ आली तर त्यात ग्रोमेट घातल्याशिवाय वायर नेऊ नका. पत्र्याची कड महिन्या-दोन महिन्यांत वायर कापते.

स्विचला प्लस कुठून द्यायचा? बॅटरीवरून कायमचा नको. चावी काढल्यावर पंखा चालू राहिला तर लहान गाडीची ३५ एएचची बॅटरी तास-दीड तासात इतकी उतरेल की स्टार्टर फिरणार नाही. मी केबिनच्या ब्लोअरच्या फ्यूजवरून घेतो. बऱ्याच गाड्यांत ब्लोअरला करंट चावी पूर्ण चालू असतानाच मिळतो आणि स्टार्टर मारताना तुटतो. त्यामुळे स्विच चुकून चालू राहिला तरी सेल्फ मारताना पंख्याचा बोजा बॅटरीवर पडत नाही. तुमच्या गाडीत तसं आहे का ते बघायला ब्लोअर लावून सेल्फ मारा. ब्लोअरचा आवाज क्षणभर पडला की समजा आहे. त्या जागी फ्यूज टॅप बसवा, मूळ फ्यूज मूळ खाचेत आणि आपला ५ अँपिअरचा दुसऱ्या खाचेत.

रॉकर स्विचला तीन पाय असतात: प्लस आत, प्लस बाहेर (८६ कडे) आणि दिव्याचा अर्थ. अर्थाचा पाय बहुधा पितळी रंगाचा, बाकी दोन चंदेरी. अर्थ आणि 'बाहेर' यांची अदलाबदल झाली तर स्विच दाबताक्षणी शॉर्ट होतो. ५ चा फ्यूज उडेल, बाकी काही बिघडणार नाही, पण फ्यूज नसता तर धूर निघाला असता. लावण्याआधी मीटरच्या बीपवर पाय ओळखून घ्या, रंगावर विसंबू नका.

जागा म्हणून डॅशबोर्डवरची एखादी बंद खाच बघा. वरच्या मॉडेलमध्ये जिथे फॉगलॅम्पचं बटण असतं तिथे खालच्या मॉडेलमध्ये नुसतं झाकण असतं, ते काढून स्विच बसतो. स्टिअरिंगच्या खाली गुडघा लागेल अशा जागी नको.

७. तपासणी

सगळ्या जोडण्या परत एकदा डोळ्यांनी बघा, मग बॅटरीचा मायनस लावा, मग जाड वायरीचा फ्यूज घाला. फ्यूज घालताना ठिणगी पडली किंवा पंखा आपोआप लागला तर लगेच काढा, ३० आणि ८७ कुठेतरी एकत्र आले आहेत.

चावी चालू, स्विच चालू. 'टक्' असा रिलेचा आवाज आणि पाठोपाठ पंखा. टक् ऐकू आलं पण पंखा नाही, तर दोष जाड वायरीत किंवा फ्यूजमध्ये. टकच नाही, तर ८५ चा अर्थ किंवा ८६ चा प्लस बघा.

वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीवर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. तो बाहेर उडत असेल तर पंखा उलटा फिरतो आहे. आपण फक्त प्लसला हात लावल्यामुळे असं व्हायला नको, पण मोटार बदलताना कुणी प्लगच्या वायरी फिरवल्या असतील तर आत्ता उघडकीस येईल. आणि गाडी तापण्याचं खरं कारण कदाचित तेच असेल.

आता मीटरची लाल सळई बॅटरीच्या प्लसवर आणि काळी सळई पंख्याच्या प्लसवर, प्लगच्या मागून, पंखा चालू असताना. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यावा. जास्त आला तर कुठलातरी सांधा कच्चा आहे. दहा मिनिटं पंखा चालवून, बंद करून, प्रत्येक सांधा, फ्यूज होल्डर आणि रिलेचा होल्डर बोटाने चाचपा. कोमट ठीक, चटका नको.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी शेवटी. आपला स्विच बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा, एसीही बंद. काट्यावर नजर ठेवा. पंखा आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला पाहिजे. हे होत नसेल तर सेन्सर, थर्मोस्विच किंवा मूळ रिले दुरुस्त करून घ्या. स्विच आहे म्हणून ते तसंच सोडून दिलं, की एके दिवशी घरातलं दुसरं कुणीतरी गाडी घेऊन जाईल, ज्याला या स्विचची कल्पनाच नाही, आणि हेडचं काम निघेल.

८. कधी दाबायचा

घाटाच्या पायथ्याशी, काटा वर जायच्या आधी. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वेग नसतो आणि इंजिनवर जोर असतो, तिथे तो खरा कामाला येतो. कोंडीत, एसी चालू असताना. चढ संपवून वर थांबलात की गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवून पंखा फिरू द्या.

मोकळ्या हायवेवर गरज नाही. रस्त्यावर पाणी तुंबलं असेल आणि त्यातून गाडी काढायची वेळ आलीच, तर स्विच आणि एसी दोन्ही आधी बंद करा. फिरती पाती पाण्यात शिरली की वाकतात आणि रेडिएटरला घासतात.

स्विच चालू असूनही काटा लालकडे चालला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे नकोसं होतं, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने केबिनमध्ये निघून जाते आणि कडेला थांबायला जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. मग थांबा, गाडी बंद करा, झाकणाला हात लावू नका.

९. वॉरंटी, विमा आणि सर्व्हिस सेंटर

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम करू नका. वायरिंगला बाहेरचा सांधा दिसला की इलेक्ट्रिकलचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं, आणि वॉरंटीतल्या गाडीचा पंखा लागत नसेल तर तो बदलून देणं हे त्यांचंच काम आहे. जुन्या गाडीतही काम नीट दिसेल असं ठेवा. फ्यूज नसलेली, लोंबकळणारी वायर आणि तिथून लागलेली आग, असं प्रकरण विमा कंपनीपुढे गेलं तर अवघड जातं.

केलेल्या जोडणीचा कागदावर आराखडा काढून फोटो काढा आणि कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. फ्यूज होल्डरला 'रेडिएटर फॅन, जादा' असं लेबल लावा. सर्व्हिसिंगला देताना सुपरवायझरला तोंडी सांगा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर एखादा होतकरू मुलगा "ही वायर कशाची?" म्हणत ती कापून ठेवतो. दर सर्व्हिसिंगनंतर गाडी घरी नेण्याआधी तिथेच एकदा स्विच दाबून टक् ऐकून घ्या.